तात्कालिक कारण

४ जानेवारी

सुट्टी संपली. पहिलाच तास — 'तात्कालिक कारण'.

दरवर्षीचंच. युद्ध का झालं विचारलं की अख्खा वर्ग तात्कालिक कारणावर उडी मारतो. कोणीतरी कोणावर तरी गोळी झाडली — झालं युद्ध! मग मी म्हणते, काडी कोणी ओढली ते नंतर, गवत कधीपासून वाळत होतं ते आधी सांगा. हे वाक्य इतकी वर्षं म्हणतेय की आता माझ्याआधी मुलंच म्हणतात. आजही म्हणाली, एका सुरात. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. एरवी हसले असते.

वरच्या परीक्षेला या वर्षी अकरा जण. साध्या इतिहासाच्या पेपरात सनावळ्या पाठ असल्या की भागतं. वरच्या पेपरात चार-पाच जुने कागद देतात — पत्र, जबानी, हिशेब, बातमी — आणि म्हणतात, यावरून नेमकं काय घडलं ते पुराव्यानिशी मांडा. घोकंपट्टी तिथे तोंडावर आपटते. परीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

माझी लेक तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे. एकदाही हात वर केला नाही.

५ जानेवारी

'वर्गात बाई, घरी आई.' नियम मीच घातला होता, ती माझ्या वर्गात आली तेव्हा. मग घरी येऊन मुद्दाम चिडवायची — 'बाई, भूक लागलीय. बाई, टॉवेल द्या.'

ऑक्टोबरपासून घरात 'आई' नाही. दुसरंही काही नाही. हवं ते स्वतः घेते, नाही मिळालं तर त्यावाचून राहते. वर्गात मात्र 'बाई' म्हणणं भाग आहे. म्हणजे लेकीच्या तोंडून हाक ऐकायची तर मला शाळेत जावं लागतं. वर त्याचा पगारही मिळतो.

८ जानेवारी

शनिवार. घर आवरलं. ती मैत्रिणीकडे अभ्यासाला.

हे गेले त्या दिवसाचं एकदाच लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको. 'हे गेले' असं लिहिलं की वाटतं वारले. वारले नाहीत. नोकरीच्या गावी राहायला गेले. बदली होऊन वर्ष झालं होतं, शनिवार-रविवार घरी यायचे. तिथे कोणीतरी आहे. मला कळत होतं आणि मी न कळल्यासारखी वागत होते. त्या दिवशी सकाळी, लेक शाळेत गेल्यावर, त्यांनी सरळ सांगितलं — आता तिकडेच राहतो. मी तेव्हा पाव कापत होते. उरलेला पाव कापला.

मग त्यांनीच शिडी आणली, माळ्यावरची मोठी तपकिरी बॅग काढली, स्वतःच भरली. माळ्यावरून बॅग ओढतानाच कंबर धरली होती. दुपारी गाडी खाली येऊन उभी राहिली तेव्हा वाकता येईना. म्हणाले, 'जरा एवढी बाहेर ठेवतेस?' ठेवली. वीस वर्षं तेच तर केलं — डबा ठेव, छत्री ठेव, इस्त्रीचे कपडे ठेव. बॅगही ठेवली.

आणि नेमकी त्याच क्षणी लेक जिना चढून वर आली. तिला काय दिसलं? दार सताड उघडं. मी बापाची बॅग जिन्यात ठेवतेय. बाप आत उभा, कंबरेवर हात, मान खाली. 'तू बाबांना घालवून देतेस?' ओरडली ती. मला शब्द फुटेना. त्यांना मात्र एक वाक्य बोलता आलं असतं — अगं, नाही, मीच चाललोय. ते म्हणाले, 'असू दे गं, बाळा.'

असू दे! एवढ्याशा वाक्याने एवढं मोठं काम केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

जिना उतरताना मला हळूच म्हणाले, 'तिला मी नीट सांगतो. तू मध्ये बोलू नकोस, उगाच वाढेल.' ती दर रविवारी फोनवर त्यांच्याशी तासभर बोलते. अजून सांगितलेलं दिसत नाही.

९ जानेवारी

कालचं वाचलं. अजून 'हे'च लिहितेय. आता 'ते' लिहायला हवं. 'हे' म्हणजे जवळचं, 'ते' म्हणजे लांबचं. व्याकरणाने सोय आधीच करून ठेवली आहे, मलाच वापरता येत नाही.

१३ जानेवारी

ताईचा फोन. मधल्या सुट्टीत, वाचनालयाच्या मागच्या जिन्यात उभी राहून घेतला.

'तुझ्या लेकीचा मला फोन आला होता. परीक्षा झाली की बापाकडे जाणार म्हणते. तिथलंच कॉलेज, राहायचंही तिथेच. कायमचं.'

'तू काय म्हणालीस?'

'मी काय म्हणणार! आधी पेपर दे म्हटलं. अगं, तू तोंड उघड ना. सांगून टाक पोरीला, बॅग कोणाची, भरली कोणी.'

म्हटलं, माझं कोण धरणार? मी हितसंबंध असलेली साक्षीदार. पेपरातसुद्धा अशा साक्षीला अर्धेच मार्क देतात.

'तुझी शाळा ठेव बाजूला,' ताई म्हणाली. 'बापाबद्दल सांगायला जीव होत नाही, एवढंच आहे ते.'

असेलही. बापाच्या गळ्यात पडून मोठी झालीये ती. पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हा मागे तोच धावत होता. ते तिच्याकडून काढून घ्यायचं आणि बदल्यात मी काय देणार — मी खरी होते, एवढंच? त्याचं तिने काय करायचं?

'एकदा रडून घे,' म्हणाली ताई. येत नाही. दात काढताना सुई टोचतात, मग बरेच तास गाल आपला वाटत नाही, तसं चाललंय. दुखत काही नाही.

घंटा झाली. पुढचा तास घेतला. चांगला झाला म्हणे.

१७ जानेवारी

जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा हवा होता. तो माळ्यावर. आणि माझी चढायची भीती जगजाहीर! स्टुलावर उभी राहिले तरी खालच्या मजल्यापर्यंत बातमी जाते, असं हे म्हणायचे. भूगोलवाले सर स्टाफरूममध्ये मला नकाशासुद्धा टांगू देत नाहीत. 'बाई, तुम्ही खाली उभ्या राहून उत्तर दिशा दाखवा, तेवढं पुरे.'

सकाळी लेकीला म्हटलं, 'माळ्यावरचा गठ्ठा काढून देशील? वर्गासाठी हवाय.' वर्गासाठी म्हटल्यावर उठली. गच्चीच्या जिन्यातून शिडी आणली, चढली. मी खाली शिडी धरून.

वर गेल्यावर बराच वेळ हलली नाही. 'डाव्या हाताला बघ, पत्र्याच्या डब्यामागे,' मी म्हटलं. मला खालून तिच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. एका मोज्याला भोक आहे. मग गठ्ठा खाली आला, मागून ती. एका बोटाला काळी धूळ. बेसिनवर हात धूत किती वेळ उभी होती!

शिडी परत ठेवून आली.

१८ जानेवारी

पाणी आलं नाही. बाकी काही नाही.

१९ जानेवारी

गठ्ठ्यातला एक प्रश्न सोडवायला घेतला. वेढा पडलेला किल्ला. एका सकाळी दरवाजा उघडतो आणि शत्रू आत. किल्ला पडला तो कोणामुळे? पहिला कागद पहारेकऱ्याची जबानी — 'किल्लेदाराने स्वतः कुलूप काढलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.' दुसरा कोठाराचा हिशेब. धान्य संपत आलेलं. तिसरं एक लांबलचक, कंटाळवाणं वर्णन, त्यात दरवाजाची किल्ली राजा कायम स्वतःजवळ ठेवी असा ओझरता उल्लेख.

आमच्या वर्गात एक 'किती मार्क' आहे. काहीही विचारा, आधी किती मार्कांना हेच विचारतो. तो म्हणाला, 'बाई, सोपंय. किल्लेदार फितूर. किती मार्क?' म्हटलं, पहारेकऱ्याची जबानी तपासलीस का?

तेव्हा तिसऱ्या बाकावरून हात वर आला. या वर्षातला पहिला.

'बाई, त्याने डोळ्यांनी पाहिलंय. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं ठरवणार?'

'खोटं नाही ठरवायचं. तो खरंच बोलतोय. पण तो केव्हापासून बघत होता? त्याआधी काय घडलं ते त्याला कुठे दिसलं?'

'जे दिसायचं ते दिसलं, बाई.'

'दिसलं ते खरं असतं. पुरतं असतंच असं नाही.'

'मग पुरतं ज्याला माहीत आहे त्याने सांगायचं ना,' ती म्हणाली. 'तो गप्प का बसला?'

'कोण?'

'किल्लेदार.'

वर्ग माझ्याकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. 'मुद्देवाली'ने — ही पोरगी 'शुभ सकाळ'लाही क्रमांक घालील — विचारलं, 'बाई, हा मुद्दा तीन की चार?' तेवढ्यात घंटा झाली.

प्रश्न मी निवडला नव्हता. गठ्ठ्यात सगळ्यात वर होता. स्टाफरूममध्ये येऊन बसले. चहा घेतला.

२० जानेवारी

किल्लेदार गप्प का बसला? उत्तर मला माहीत असायला हवं. सुरुवातीला — कोणीतरी म्हणालं म्हणून. मग — तो सांगेल म्हणून. आता — इतके दिवस गप्प बसल्यावर बोलायचं कसं, म्हणून.

२५ जानेवारी

सराव पेपर. सात जण बरे, तीन काठावर, 'किती मार्क' गाळात. लेकीला पंधरापैकी आठ. तिने सरळ लिहिलं होतं — किल्लेदार दोषी, पुरावा जबानी. भाषा सुरेख. उत्तर अर्धं. आठच दिले. मुख्याध्यापक म्हणाले, 'घरचीच आहे म्हणून हात आखडता घेता का?' म्हटलं, नाही, आठाचंच आहे.

तिने पेपर घेतला, घडी केली, ठेवला. मीही पुढचं नाव घेतलं.

२ फेब्रुवारी

आज एक झालं.

मी गॅसवर दूध ठेवून खिडकीत उभी होते. काय बघत होते कोण जाणे. दूध वर आलं. मागून आवाज — 'बाई, गॅस बंद करा!'

मी बंद केला. मग दोघींच्या लक्षात आलं. बाई! स्वयंपाकघरात! आणि वर 'करा'! तिचा चेहरा लालबुंद. मला वाटलं आता हसेल. ओठ हललेही. मग दप्तर उचललं आणि गेली.

चार महिन्यांत घरातला पहिला शब्द, आणि तोही पत्ता चुकून आलेला. दिवसभर मनात घोळत होता. आनंद झाला का? माहीत नाही. दूध मात्र वाचलं.

७ फेब्रुवारी

'नकळत दिलेला पुरावा' घेतला. माझा आवडता धडा. मुद्दाम सांगितलेल्यावर शंका घ्या, बोलता बोलता सहज निसटलेल्यावर भरवसा ठेवा.

उदाहरण नेहमीचंच, माझंच रचलेलं. एक सरदार लढाईचं वर्णन लिहितो — मी एकटा शेवटपर्यंत उभा होतो, शत्रू पळाला, वगैरे. त्याच आठवड्यात त्याची बायको माहेरी पत्र धाडते. त्यात लढाईचं नाव नाही. घरचं सगळं, आणि शेवटी एक ओळ — 'हे आले ते अनवाणीच, नवे जोडे करायला टाकले आहेत.'

मग वर्ग फुटला. 'बाई, पळाला! जोडे टाकून पळाला!'

'मी कुठे म्हटलं?'

'बायको म्हणतेय!'

'तीही म्हणत नाही. ती जोड्यांचं बोलतेय. म्हणून तर तिचं खरं धरायचं.'

'किती मार्क'ने आज मार्क विचारले नाहीत. म्हणाला, 'बाई, म्हणजे माणसाला लढाईचं विचारायचंच नाही. जोड्यांचं विचारायचं.' मूल हुशार आहे. उगाच गाळात बसलंय.

लेक लिहून घेत होती. मान वर नाही. पण लिहीत होती.

१२ फेब्रुवारी

किल्ल्याचा प्रश्न सगळ्यांकडून पुन्हा लिहून घेतला. लेकीचं उत्तर वेगळंच. एवढा भाग उतरवून ठेवते —

'पहारेकरी खोटं बोलत नाही. किल्लेदाराने दार उघडलं हे त्याने पाहिलं. पण तिसऱ्या कागदाप्रमाणे किल्ली राजाजवळ असे. किल्लेदाराला ती स्वतःहून मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा दार कोणी उघडलं यापेक्षा किल्ली तिथवर कोणी आणली हा प्रश्न मोठा. पहारेकऱ्याला हा प्रश्न त्या दिवशी सुचला नाही, कारण तो घाबरला होता.'

'घाबरला होता' याला पुरावा नाही. कुठल्याच कागदात नाही. तिथे लाल रेघ मारली. तरी तेरा दिले. खाली नेहमीचा शेरा — 'किल्लीचा मुद्दा उत्तम. पाठपुरावा करा.'

हा शेरा मी सगळ्यांनाच देते.

१३ फेब्रुवारी

भाजी चिरताना मनात आलं — ती किल्ल्याबद्दलच लिहीत होती ना?

छे. कागदात आहे त्यापेक्षा जास्त वाचायचं नाही. मीच शिकवते.

१९ फेब्रुवारी

तिच्या खोलीच्या भिंतीवरचं पृथ्वीचं मोठं चित्र उतरलंय. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग. कपाटाशेजारी दोन खोकी, एकात पुस्तकं. म्हणजे ठरलं.

मी दारातून बघितलं आणि टोस्टर लावायला गेले. काही वाटलं नाही. टोस्ट काळा झाला. दुसरा लावला. तोही.

२३ फेब्रुवारी

ताई — 'आता तरी बोल. एकदा गेली की मग फोनवर काय सांगणार?'

आज बोलायचं ठरवून घरी आले. ती टेबलाशी. मी समोर बसले. म्हटलं, 'त्या दिवशी —' तिने पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी बापाचे. आणि माझी गाडी तिथेच अडली.

'त्या दिवशी काय?' असं नाही विचारलं तिने. थांबली.

मी म्हटलं, 'त्या दिवशी दिलेला नकाशाचा प्रश्न पुन्हा बघून ठेव.'

तिने पेन उचललं. 'बघते.'

भूगोलाचा नकाशा टांगता येत नाही, घरातलं एक वाक्य टांगता येत नाही. काय बाई आहे मी!

२४ फेब्रुवारी

मला ती जायला नको आहे.

हे वाक्य लिहायला एवढे दिवस लागले. लिहिलं तर लगेच कळलं की गालाची सुई उतरायला लागली. दुखतंय.

१ मार्च

शेवटचा तास. नवं काही शिकवायचं नव्हतं. म्हटलं, विचारा काय ते.

'मुद्देवाली' — 'बाई, वेळ कमी पडला तर कुठला मुद्दा गाळू?' म्हटलं, तात्कालिक कारण गाळ. ते सगळेच लिहितात.

'किती मार्क' — 'बाई, पास होईन ना?' म्हटलं, जोड्यांचं विचारत राहा, होशील.

लेकीने काही विचारलं नाही. सगळे गेल्यावर मागे राहिली. फळा पुसला, न सांगता. मग दाराशी थांबून म्हणाली, 'येते, बाई.' वर्गातलं शेवटचं 'बाई'. आता शाळेतही ती हाक नाही.

मी खडूची पेटी बंद केली, उघडली, बंद केली.

३ मार्च

पहिला पेपर. सोपा, म्हणे.

४ मार्च

दुसरा पेपर, कागदांचा. मुलं फाटकातून नाचत आली. एका गिरणीतल्या आगीचा प्रश्न होता. तीन साक्षीदार, तिघांनी धूर पाहिलेला, काडी कोणीच नाही. 'किती मार्क' लांबूनच ओरडला, 'बाई, गवत! सगळं गवतावर लिहिलं!' भूगोलवाले सर म्हणाले, 'तुमची पोरं वेडी झाली आहेत.' आज मी हसले. खरंच.

लेक सगळ्यात शेवटी आली. 'कसा गेला?' विचारलं. मान डोलावली.

५ मार्च

सकाळच्या गाडीने बापाकडे गेली. खोली बघायची, कॉलेज बघायचं, मग सामान न्यायला परत. फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली, तीन शब्दांची — 'चार दिवसांत येते.' मायना नाही. आईला लिहिलीय की बाईंना, कळायला मार्ग नाही.

तिच्या खोलीचा केर काढला. खोक्यांभोवतीने काढला. खोकी हलवली नाहीत.

७ मार्च

दुसऱ्यांच्या मुलांना वर्षभर सांगते — विचारा, खणा, एका साक्षीवर विसंबू नका. आणि स्वतःच्या मुलीला तेवढी एकच साक्ष देऊन मोकळी झाले. ती परत आली की सांगणार. अडखळत का होईना. अर्ध्या मार्कांची साक्ष तर अर्ध्या मार्कांची! ती जाईल तर जाऊ दे, पण पुरतं ऐकून जाऊ दे.

आरशासमोर म्हणून बघितलं. 'त्या दिवशी बॅग मी बाहेर ठेवली, पण —' 'पण'च्या पुढे गाडी जात नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा.

८ मार्च

उद्या येईल. वाक्य पाठ झालंय.

९ मार्च

दुपारी बेल. दार उघडलं. जिन्यात लेक, आणि तिच्याशेजारी ती मोठी तपकिरी बॅग — मी ठेवली होती तिथेच, त्याच फरशीवर. रिकामी. चाकांवर डुगडुगत होती.

मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. 'त्या दिवशी —'

'बाबांची कंबर अजून दुखते,' ती म्हणाली. 'मी बॅगेचं काहीच विचारलं नाही. कंबरेचं विचारलं, कशाने धरली. म्हणाले, अगं, माळ्यावरून हीच बॅग काढताना.'

मी चौकट धरून उभी.

'वर धुळीत तिचा चौकोन आहे अजून,' म्हणाली. 'जानेवारीतच दिसला होता. आणि तू तर स्टुलावरही चढत नाहीस.' मग बॅगेची मूठ धरून, 'त्यांना म्हटलं, ही बॅग आमची आहे. घेऊन चाललेय.'

गच्चीच्या जिन्यातून शिडी आणली. बॅग खांद्यावर टाकली. पहिल्या पायरीवर पाय ठेवून मागे वळली.

'आई, शिडी धर.'